भाकरीवरची बोटं

आनेकलच्या एका कारखान्यात उजवा हात गमावलेल्या महानंदाक्का आज नव्या हातानं भाकरी थापत होत्या. कृत्रिम स्नायूंचा तो हात इंजिनिअर विद्यानं बनवला होता. इलेक्ट्रॉनिक सिटीतली अख्खी प्रयोगशाळा श्वास रोखून परातीकडे पाहत होती.

भाकरी गरगर फिरली, कडेपर्यंत पातळ झाली, कुठंही चिरली नाही. टाळ्यांचा कडकडाट झाला. विद्याचे डोळे भरून आले.

मग तिला भाकरीवर उमटलेली बोटं दिसली. नव्या हाताची रबराची बोटं तर काचेसारखी गुळगुळीत होती. पिठात मात्र बारीक रेघा उठल्या होत्या आणि मधल्या बोटाच्या ठशावर जुन्या जखमेचा तिरका व्रण.

"अक्का, हे काय?"

महानंदाक्का आनंदानं ओरडल्याच, "लगीन व्हायच्या आधी विळीवर कापलं होतं बघ. आला की गं माझा हात परत!"