एक मिनिट आधी

"लॅपटॉपवर हिरो आधी उडी मारतोय आणि मी बटण नंतर दाबतोय," मी बहिणीला म्हणालो.

"दादा, कॅप्चर कार्डमध्ये लॅग असतो, भविष्य नसतं," असं म्हणून ती क्लासला निघून गेली.

टीव्ही बिघडल्यापासून मी गेमचा कन्सोल त्या स्वस्तातल्या कार्डानं लॅपटॉपला जोडून खेळतो. चित्र नेहमी जरासं उशिरा यायचं. आज ते आधी येत होतं, दर डावाला आणखी आधी. आता तर अख्खं एक मिनिट.

शेवटचा राक्षस आला आणि हिरो नुसता उभा राहिला. राक्षसानं त्याला सावकाश चावून खाल्लं. म्हणजे मिनिटभरानं शेवटच्या राक्षसासमोर मी कंट्रोलर खाली ठेवणार? भूकंपातही ठेवला नव्हता. मग पुढच्या मिनिटात घरात असं काय होणार होतं?

"अरे, ऐकतोस का?" स्वयंपाकघरातून आई ओरडली. "त्या मोडक्या स्टुलावर चढतेय. धरायला ये."

मी कंट्रोलर टाकून धावलो आणि दोन्ही हातांनी स्टूल धरलं. त्याचा एक पाय खरंच निखळत होता.

"एका हाकेत आलास?" वरून बघत आई घाबरून म्हणाली. "काय झालंय तुला?"