तेविसावा पक्षी

“तेलात माखलेला पक्षी आधी कोणी धुतलाय का?” डॉक्टरबाईंनी विचारलं आणि लाँड्रीवाल्यांचा हात सगळ्यांच्या आधी वर गेला.

“एक नाही, तेवीस!” ते म्हणाले. “मागे तेलाचं जहाज फुटलं होतं तेव्हा. झाली की अकरा वर्षं. आमच्याच लाँड्रीत धुतले. धुण्यात आपला हात कोणी धरणार नाही, बाई.”

बंदरावरच्या गोदामात खुर्च्या मांडून बसलेले वीसेक लोक हसले. शेजारच्या पोस्टमनने त्यांच्या पाठीवर थापही मारली. लाँड्रीवाल्यांची बायको दाराजवळच्या खुर्चीवर पर्स मांडीवर घट्ट धरून बसली होती, ती तेवढी हसली नाही. येणारच नव्हती ती. ‘नुसती बस गं, कशाला हात लावू नकोस,’ असं म्हणून त्यांनी तिला जवळजवळ ओढतच आणलं होतं.

टेबलावर तीन टब होते, टॉवेलांचा गठ्ठा होता आणि वापरलेल्या इंजिन ऑइलमध्ये बुचकळून काढलेलं एक कापडी बदक होतं. पुन्हा कधी जहाज फुटलं तर गावातल्या लोकांना पक्षी हाताळता यावेत, म्हणून हे शिबिर. खऱ्या पक्ष्याआधी या बदकावर हात बसवायचा.

लाँड्रीवाल्यांनी बाह्या सरसावल्या. आणि खोटं कशाला बोला, धुतलं त्यांनी झकासच. कोपर बुडवून पाणी जोखलं, साबण बेताने घातला, पाणी काळं झालं की पुढचा टब. बघता बघता बदक पिवळंधमक.

“छान,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “आता सांगा, तेव्हा पक्षी आणल्यावर किती वेळाने धुवायला घेतलेत?”

“किती वेळाने म्हणजे? लगेच! दारात टोपली आली की थेट टबात. तासाभरात दहा पक्षी चकाचक. ताजा डाग लवकर निघतो, हे आता मला शिकवायचं का?”

डॉक्टरबाईंनी विचारलं, “वाचले किती?”

“एकही नाही.” मग ते घाईघाईने म्हणाले, “पण ते वाळवण्यात गेले हो. धुतले स्वच्छच होते. वाळवायचं काम हिच्याकडे होतं.”

सगळ्या माना दाराकडे वळल्या. तिने पर्सची चेन उघडली आणि पुन्हा लावली.

“नाही हो, काका,” डॉक्टरबाई म्हणाल्या. आवाज मऊ होता, म्हणून जास्तच लागला. “तेलात सापडलेला पक्षी आधीच गारठलेला असतो, उपाशी असतो, भेदरलेला असतो. त्याला आधी ऊब द्यायची, थोडं थोडं पाणी पाजायचं, एक-दोन दिवस अंधारात निवांत पडू द्यायचं. अंगात जोर आला की मगच धुवायचं. आल्या आल्या धुतला, तर तो त्या धुण्यानेच जातो. तुम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं, तुम्ही तरी काय करणार?”

“पण समजा, वाळवणंच नीट झालं नसेल तर...”

“कितीही जीव ओतून वाळवले असते, तरी गेलेच असते ते.”

लाँड्रीवाल्यांच्या हातातून पाणी ठिबकत राहिलं. तेविसावा पक्षी गेला तेव्हा आपण बायकोला काय म्हणालो, ते त्यांना लख्ख आठवलं. ‘तुझ्या हाताला गुणच नाही.’ रागात गेलं तोंडातून. ते दुसऱ्या दिवशी विसरलेही. ती विसरली नाही. मुलीला बाळ झालं तर नातीला तिने स्वतःहून एकदा उचलून घेतलं नाही. कोणी मांडीवर ठेवलीच, तर हात दोन्हीकडे लांब ठेवून अवघडून बसायची. ‘मला नाही जमत बाई,’ असं हसून सांगायची आणि हे शहाणे त्यात हसायला सगळ्यांत पुढे.

“अगं,” त्यांनी तिथूनच हाक मारली. “अगं, माझं चुकलं. माझ्या हातून गेले ते. आणि मी तुला...”

पुढचं वीस लोकांसमोर काही केल्या निघेना. त्यांनी नुसताच टॉवेल तिच्याकडे धरला.

ती उठली. पर्स खुर्चीवर ठेवून टेबलापाशी आली. टॉवेल तिने घेतला नाही.

“आता तुम्ही वाळवा,” ती म्हणाली.

त्यांनी जन्मात काही हाताने वाळवलं नव्हतं. लाँड्रीत त्याला मशीन होतं आणि घरी ती होती. त्यांनी चिंब बदक टॉवेलात गुंडाळलं आणि चादर पिळावी तसं दाबायला लागले.

“चोळू नका. नुसतं टिपून घ्या,” ती म्हणाली. “छातीवर बोटं नकोत, श्वास कोंडतो पक्ष्याचा. डोक्यावर फडकं टाका, म्हणजे कमी भितो. आणि त्याच्याशी बोलू नका. आपल्याला वाटतं आपण धीर देतोय, त्याचं काळीज आणखी धडधडतं.”

डॉक्टरबाईंनी हातातले कागद खाली ठेवले. “अहो, हे सगळं मी जेवणानंतर सांगणार होते. तुम्हाला कोणी शिकवलं?”

“कोणी नाही,” ती म्हणाली. “तेवीस होते ना. तेविसाव्यापर्यंत हातांना कळलं होतं.”