चोर मिळेना

निशिकांत घरी यायच्या आत संजीवनीने कथा त्याच्या खुर्चीवर ठेवली. आता बसायचं तर कागद उचलावेच लागणार होते. परदेशातल्या त्यांच्या मराठी मंडळाचा दिवाळी अंक उद्या छपाईसाठी बंद होणार होता. संपादक सुबोध शहराच्या दुसऱ्या टोकाला, सेम्बावांगला बसून शेवटच्या पानांची वाट बघत होता, आणि हिची कथा अजून चोरीला गेली नव्हती.

हे चोरीचं खूळ डोक्यात भरवलं लेकीने. इरा युनिव्हर्सिटीत इंग्रजी शिकत होती, आणि जेवताना तिचे घास कमी, गप्पा जास्त. त्यात एकदा चारशे वर्षांपूर्वीच्या विलायतेतल्या लिहित्या बायका निघाल्या. बाईमाणसाने आपण होऊन पुस्तक छापणं म्हणजे तेव्हा भर बाजारात ओट्यावर उभं राहण्यासारखं. मग काही बायांनी तोड काढली. कागद कुणाच्याही हाताला लागतील असे ठेवायचे, आणि एखाद्या दिराने किंवा भावाने ते छापखान्यात नेले, की पुस्तकाच्या आरंभीच गळा काढायचा: मला ठाऊकच नव्हतं हो, या मेल्याने परस्पर छापलं. त्या काळी लंडनच्या रस्त्यांवर खिसेकापूंपेक्षा कविता पळवणारे दीरच जास्त हिंडत असावेत. काहींचं खरोखरच चोरलं जायचं, असंही इरा म्हणाली, पण तेवढं संजीवनीने ऐकलं नाही.

तिला युक्ती पटली होती. त्यांच्या मरीन परेड वस्तीतल्या मराठी बायकांत आपण होऊन कथा पाठवायची, तर 'अगोबाई, हिला लेखिका व्हायचंय वाटतं' हे ऐकायची तयारी हवी. त्यातून कथा अशी: अकराव्या मजल्यावरची एक बाई दिवसभरात घडलेलं सगळं संध्याकाळी कुकरला सांगते. नवरा काही विचारत नाही. कुकर निदान शिट्टी तरी देतो. पण खुद्द नवऱ्यानेच पाठवली म्हटल्यावर कुणाची टाप होती बोलायची?

घरात दीर नव्हता, म्हणून चोरीचं काम निशिकांतकडे आलं, त्याला न कळवता. तिने कथा त्याच्या लॅपटॉपच्या बॅगेत सरकवली. फ्रिजच्या दारावर लोहचुंबकाने लावली. इस्त्रीच्या शर्टांत घातली, आणि सुबोधचं नाव इतक्यांदा काढलं की इराला भलतीच शंका यायला लागली. पण हा गृहस्थ तुआसच्या एका कारखान्याचे हिशेब बघणारा, जन्मात परक्या टाचणीला न शिवलेला. दर वेळी पानं जुळवून, मुडपलेले कोपरे सरळ करून कथा तिच्या उशाशी परत. माणसाचा भलेपणा नडावा तरी किती?

भरीत भर म्हणजे हल्ली तो घरी लवकर यायला लागला होता. येऊन स्वयंपाकघराच्या दारात उभा राहायचा, मासळी कशी मिळाली, लिफ्टमध्ये कोण भेटलं, असलं काहीबाही विचारायचा. याची नोकरी तर धोक्यात नाही ना, ही काळजी तिला लागली.

आजही तो उजेडीच आला. खुर्चीवरचे कागद उचलले, अलगद टेबलाच्या कडेला ठेवले, बसला आणि म्हणाला, "मग, आज काय काय झालं?"

संजीवनीचा धीर सुटला. "अरे, ते घेऊन का जात नाहीस तू?"

"कुठे?"

"सुबोधकडे. उद्या अंक बंद होतोय. मला न सांगता परस्पर पाठवायची, एवढं साधं काम."

सोफ्यावरून इराने मान वर न करता इथल्या पोरांच्या लकबीत निकाल दिला. "आई, तूच व्हॉट्सॅप कर ना, लाह."

निशिकांत मात्र बायकोकडेच बघत होता. "छापायला?" तो म्हणाला. "मला वाटलं, मला लिहिलंयस."

"म्हणजे वाचलीस तू?"

"दर वेळी."

मग एकेक सांगत गेला. बॅगेत सापडली तेव्हा त्याने ती एमआरटीच्या गाडीत उभ्याउभ्या वाचली, आणि उतरायचं स्टेशन मागे गेलं. पुन्हा फ्रिजवर दिसली तेव्हा त्याने ओळखलं, की बायको तोंडाने सांगत नाही ते असं सांगतेय आणि उत्तर मागतेय. उत्तर लिहिणं काही त्याला जमणारं नव्हतं. म्हणून साहेबाशी बोलून तो लवकर निघायला लागला.

संजीवनी समोरच्या खुर्चीत टेकली. इराने अशाही बायका सांगितल्या होत्या, ज्यांचे कागद घराबाहेर कधी गेलेच नाहीत. घरातल्या एखाद्या तरी माणसाने ते वाचले की नाही, हे इराच्या पुस्तकांत दिलेलं नव्हतं.

कागद कपाटात गेले असते तरी आता चाललं असतं. क्षणभर तिच्या मनात तसं आलंही. मग तिने फोन उचलला, एकेका पानाचा फोटो काढून सुबोधला पाठवला आणि खाली आपलं नाव घातलं. कुणी चोरलेली नाही, माझी मीच पाठवतेय, असंही लिहिणार होती, पण सुबोध उगाच घाबरला असता.

पानं गेली तशी निशिकांत म्हणाला, "आता दुसरी लिही."

"कशावर लिहू? तू लवकर येतोस, रोज विचारतोस. कुकरशी माझं बोलणंच उरलं नाही."

निशिकांतने कपाळाला आठ्या घातल्या. ताळेबंद जुळत नसला की घालायचा, तशा. मग त्याने विचारलं,

"आठवड्यातून एखाद्या दिवशी उशिरा येत जाऊ?"