नायिकेचा आवाज

हेडफोन उतरवून तिने काचेपलीकडच्या दिग्दर्शकाकडे पाहिलं. वीस वर्षं ही साताऱ्याची बाई तेलुगू सिनेमात नायिका होती, पण उसन्या आवाजात. शेवटच्या सिनेमात तरी आपलं आपण बोलायचं, म्हणून हट्टाने भाषा शिकली होती.

"उच्चार झकास, अम्मा," तो अवघडून म्हणाला. "पण लोक म्हणतील, बाईंना भलत्याच कुणीतरी आवाज दिलाय."

मग नेहमी तिला आवाज देणाऱ्या नागमणीअक्कांना बोलावणं गेलं. चष्मा पुसून त्या माईकपुढे उभ्या राहिल्या आणि पहिल्याच फटक्यात त्यांनी असा हुंदका दिला, की पडद्यावर स्वतःला रडताना पाहून तिच्याच डोळ्यांत पाणी आलं. तेही ग्लिसरीनशिवाय.

"अक्का, घरीसुद्धा याच आवाजात बोलता?"

"दुसरा कुठून आणू? मुलांना जेवायला हाक मारली की कार्टी ओरडतात, 'चला रे, हिरोईन बोलावतेय!'"

ती हसली. तिच्या बंगल्यात जेवण तयार झालं की स्वयंपाकी मोबाइलवर मेसेज टाकायचा.

"अक्का," निघता निघता ती म्हणाली, "एकदा मलाही मारा ना तशी हाक."