लेडीज आठ : शून्य

"लेडीज आठ नंबर, शून्य," जावईबापू म्हणाले आणि त्यांनी कॉम्प्युटर सासऱ्यांकडे वळवला. "दोन वर्षांत एक जोड विकला गेला नाही. पुढच्या वर्षीचा अंदाजही शून्य. हा नंबर यादीतूनच कायमचा काढतोय. जेन्ट्स आठ काळे मात्र बघा, काय धावताहेत! ते दुप्पट मागवू."

बुटांच्या दुकानाचे मालक नुसतेच चष्मा पुसत राहिले. जावई म्हणजे दहावा ग्रह, आणि या ग्रहाचं यंत्र खरं बोलतं हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं. गेल्या साली त्याच्या सांगण्यावरून शाळेचे बूट महिनाभर आधी भरून ठेवले आणि शेजारच्या दुकानातून हात हलवत परतलेली सगळी गिऱ्हाइकं इथे आली. आता नाही म्हणणार कोण?

लंबूताई म्हणाली.

"नाही. तो नंबर काढायचा नाही."

लेडीज काउंटरवर पंधरा वर्षं उभी असलेली बाई. उंचीवरून पडलेलं नाव, खरं नाव फक्त पगाराच्या कागदावर.

"ताई, हे मी नाही म्हणत, आकडे म्हणताहेत," जावईबापू समजुतीनं म्हणाले.

"मग आकड्यांना विचारा, दोन वर्षांत लेडीज आठ दुकानात ठेवला तरी होता का? आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?"

"मागणी असती तर कुणी मागितला असता."

"मागतात ना! रोज मागतात. मी नाही म्हणते, त्या जातात. त्या 'नाही'चं बिल फाडता का तुम्ही?"

मालकांना हसू फुटलं. जावईबापूंना नाही फुटलं. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. एक वाजता ऑर्डर पाठवायची होती.

"समजा, तुमच्या सांगण्यावरून चाळीस जोड आणले आणि धूळ खात पडले. जबाबदार कोण?"

"मी."

"म्हणजे काय?"

"म्हणजे नाही खपले तर मी हे काउंटर सोडते आणि घरी बसते. आता बोला."

मालकांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "उगाच हट्टाला पेटू नकोस गं. घरात कमावती तू एकटी."

"म्हणूनच उगाच बोलत नाहीये, मालक."

एवढ्यात काचेचं दार ढकलून एक बाई आत आली. समोरच्या बँकेतली सिक्युरिटी गार्ड, गणवेशात, लंबूताईच्या खांद्याला खांदा लागेल एवढी उंच. ती लेडीजकडे वळलीसुद्धा नाही, सरळ जेन्ट्स काउंटरला गेली. तिथला माणूस जेवायला गेला होता, म्हणून जावईबापूच उठले.

"आठ नंबर, काळे, साधे, लेसवाले."

जावईबापूंनी खुशीत खोका काढला. "मिस्टरांसाठी?"

"मिस्टरांचा सहा आहे," ती म्हणाली आणि बाकावर बसून स्वतःच बूट चढवू लागली. चार पावलं चालली, थांबली. "टाच निसटतेय. थोडा कापूस मिळेल का हो?"

लंबूताईनं ड्रॉवरमधून कापसाची गुंडाळी काढून दिली. ती गुंडाळी तिथे कायमच असायची. बुटांच्या दुकानात कापूस कशाला, हे पंधरा वर्षांत कुणी विचारलं नव्हतं.

जावईबापूंनी खोका मशीनपुढे धरला. टुक. जेन्ट्स, आठ, काळा, एक. ते त्या आकड्याकडे बघतच राहिले. माणूस हुशार होता, त्याला कळायला वेळ लागला नाही. पण कळलेलं लगेच कबूल कोण करतं?

"असते एखादी," ते म्हणाले.

लंबूताईच्या डोक्यात सणक गेली. ती स्टुलावर बसली, आपल्या काळ्या बुटाची लेस सोडली, टाचेतला कापसाचा बोळा उपसून काढला आणि बूट-बोळा दोन्ही कॉम्प्युटरशेजारी टेबलावर ठेवले.

"ही घ्या दुसरी. आठ नंबर. दरवर्षी एक जोड, याच दुकानातून. तुमच्या यंत्रात मी बाप्या आहे, जावईबापू! आणि असे बाप्ये किती आहेत ते मला ठाऊक आहे, कारण कापूस मी देते. महिन्याला दोन गुंडाळ्या संपतात."

मालकांनी बूट उचलला, उलटा केला, तळव्यावरचा आपल्याच दुकानाचा शिक्का पाहिला आणि जागेवर ठेवला.

"चाळीस जोड टाका," ते म्हणाले.

जावईबापूंनी टाकले. "लाल दाखवतंय," ते म्हणाले. "विचारतंय, नक्की खात्री आहे का?"

"आहे म्हणावं," एका पायात बूट, एक पाय अनवाणी, अशी उभी राहून लंबूताई म्हणाली.

जावईबापूंनी बटण दाबलं. एकाला तीन मिनिटं कमी होती.

पैसे देऊन निघालेली गार्ड दारात थबकली होती. "म्हणजे बायकांच्यात आठ नंबर येणार? खरंच? कधी?"

"पंधरा दिवसांत," लंबूताई म्हणाली.

ती परत आली. बाकावर बसली, नवे बूट काढले, त्यातला कापूस काढून लंबूताईच्या हातात दिला आणि खोका काउंटरवर ठेवला. "मग हे घ्या परत. तोवर जुनेच ओढते."

जावईबापूंनी खोका पुन्हा मशीनपुढे धरला. टुक.

"परतीचं कारण विचारतंय," ते पडेल आवाजात म्हणाले. "लहान, मोठे, की खराब. काय टाकू?"

गार्ड जुन्या बुटाची लेस आवळत होती. तिनं मान वर केली.

"लिहा," ती म्हणाली, "पाय बाईचे आहेत."