जत्रेचा खोपा

शालनच्या लाटालाटांच्या केसांपुढे आईने कधीच हात टेकले होते. तेल थापून दोन घट्ट वेण्या घातल्या की तिचं काम संपलं. पण आज जत्रेच्या दिवशी बाबा स्वतः फणी घेऊन मागे बसले आणि शालन हरखून गेली.

बाबांनी आधी शेपटा घातला. "बरो दिसना नाय," म्हणत सोडला. अंबाड्यात ती थोराड दिसली, म्हणून तोही सोडला. शेवटी मानेवर सैलसा खोपा बांधला, कपाळावर दोन बटा मोकळ्या ठेवल्या आणि आरशात टक लावून बघत राहिले. इतकं कौतुक शालनच्या वाट्याला कधी आलं नव्हतं.

"मान हलव बघया. सुटता काय?"

"नाय."

"आता वायच रड."

"रडू कित्याक?"

"रड गो. रडतानाय बरी दिसाक व्हयी."

शालन खोटंखोटं मुसमुसली. बाबा खूश झाले. त्यांनी खाटेखालून पत्र्याची ट्रंक ओढली, लाटालाटांच्या केसांचा नवा टोप काढला, शालनकडे बघत बघत त्यालाही तस्साच खोपा घातला आणि तो आपल्या डोक्यावर चढवला. आरशात दोन खोपे शेजारी शेजारी दिसू लागले. जास्त कोणाचा खुलतोय, हे काही शालनला ठरवता येईना.

तेवढ्यात आईने स्वयंपाकघरातून डोकावून पाहिलं.

"त्या चेडवाक सोडा आणि पयली दाढी करा. अशीच रवली तर आजच्या दशावतारात सीतेक रावण तरी पळवतलो काय?"