धाकटी

"काय म्हणतात जनुकं?" सरांनी विचारलं.

"तोंड भरून बोलतायत," पडद्यावरची नजर न काढता तपासनीस बाई म्हणाल्या. "जी जागी हवीत ती टक्क जागी आहेत, जी झोपलेली हवीत ती घोरतायत. मूळपेशी म्हणून सोळा आणे!"

चिमणी कसनुसं हसली. सगळी प्रयोगशाळा तिला चिमणी म्हणे. आज तिचा जीवही चिमणीएवढाच झाला होता.

कारण बशीत धाकटी नव्हतीच. थोरली होती.

मानवी भ्रूणांपासून वाढवलेल्या पेशींची ही दोन घराणी. एकाच जोडप्याने दान केलेल्या दोन भ्रूणांची, म्हणून थोरली आणि धाकटी. थोरलीला कुणी हिंग लावून विचारत नसे. तिचा डीएनएचा ठसाही कधी कुणी मागितला नव्हता. कौतुक सगळं धाकटीचं. तिच्या जिवावर सरांचं जगभर नाव झालं होतं, आणि आजच्या तपासणीत पास झाली की ती रुग्णांसाठी इस्पितळात जाणार होती.

आणि महिन्यापूर्वी चिमणी उबवणपेटीचा गॅस बदलायला विसरली. धाकटी बशीतल्या बशीत मेली.

गोठवलेली धाकटी होती म्हणा, पण त्या टाकीला कुलूप, अन् किल्ली सरांच्या गळ्यात. ती मागायची म्हणजे कबुली द्यायची, आणि कबुली म्हणजे घरचा रस्ता. एका बशीवर शिंकला म्हणून सरांनी एकाला उभ्या उभ्या हाकललं होतं. चिमणीने गुपचूप थोरली वाढवली आणि वर धाकटीची चिठ्ठी डकवली.

जनुकांची तिला धास्ती नव्हती. दोघींचे आलेख कायम सारखेच निघत. "बहिणीच त्या, एका सुरात गाणार," सर म्हणायचे.

धास्ती होती ठशाची. तो सख्ख्या बहिणींचाही जुळत नाही.

"आता शेवटचं," बाई म्हणाल्या. "धाकटीच्या जन्माच्या वेळी सरांनी दिलेला ठसा आणि हा आजचा. एकावर एक ठेवते."

"ठेवा की," सर म्हणाले. गळ्यातली किल्ली त्यांनी मुठीत धरली होती.

"अगं, तू का पांढरीफटक पडलीस?" बाईंनी चिमणीकडे पाहिलं. "परीक्षा पेशींची आहे, तुझी नव्हे!"

पडद्यावर रेघ सरकली. रेघेवर रेघ बसली. एकही इकडची तिकडे नाही.

"तंतोतंत!" बाई उठल्या. "सर, पोर गुणाची आहे तुमची. सांभाळा." सरांशी हात मिळवून त्या निघूनही गेल्या.

चिमणीला हायसं वाटायला हवं होतं. पण उद्या या पेशी कुणाच्या तरी अंगात जाणार होत्या.

"सर, त्यांचं यंत्र चुकलंय," ती एका दमात म्हणाली. "ती थोरली होती. धाकटी माझ्या हातून मेली. टाकीतली खरी धाकटी बाहेर काढा, मग खुशाल हाकला मला."

सर चिडले नाहीत. त्यांनी गळ्यातली किल्ली काढून तिच्या तळहातावर ठेवली.

"तूच काढ."

तिने झाकण उचललं. पांढरी वाफ कडेवरून खाली सांडली. तळाशी एक डबा होता, त्यावर सरांच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं: धाकटी. आणि कोऱ्या, रिकाम्या डब्याला कारखान्यात लावतात ते सील अजून जसंच्या तसं होतं.